केसालाही धक्का न लावता

मंगळवारी ऑर्फाबाईंचं न्हाणं.
पॅरागूल्डचा वृद्धाश्रम, खोली अकरा.
एक्क्याण्णव वर्षांचं शरीर, वजन जेमतेम चाळीस किलो,
त्यातलं केसांचं किती, देव जाणे.
जन्मापासून कात्री लागलेली नाही.
आधी टोकं सोडवायची, मग हळूहळू वर सरकायचं,
ऑलिव्ह तेल, रुंद दातांचा कंगवा,
आणि गादी ओली होऊ नये म्हणून
गुडघ्यांपर्यंत टॉवेलच टॉवेल.

डॉक्टर म्हणाले, कापून टाका, मानेला जखम होतेय.
मुलगा आला. ब्रदर ड्वेन, धर्मोपदेशक,
कान उघडे, मानेवर वस्तरा फिरवलेला.
सिस्टर म्हणाला मला,
नर्स म्हणून की चर्चमधली म्हणून, कळलं नाही.
पुरुषाचे आखूड, बाईचे लांब,
हे काही आम्ही ठरवलेलं नाही, सिस्टर.
देवदूत बघत असतात.

केसालाही धक्का लागता कामा नये,
मी मनातल्या मनात मराठीत म्हटलं.
आमच्याकडे हे नुसतं बोलायचं असतं.

तो बोलत होता तेव्हा त्याच्या डोक्यामागे, कॅलेंडरवर,
प्रभू कोकरू घेऊन उभे,
केस खांद्यावर रुळलेले, मधोमध भांग.
तो गेल्यावर ऑर्फाबाईंनी तिकडे हनुवटी उडवली:
"ह्यालासुद्धा आमच्याकडे मागच्या बाकावर बसवतील."

माझं नाव सुकेशिनी.
बॅजवर आहे, अर्थ इथे कोणी विचारत नाही,
बरंच आहे. चार बोटं केस,
रात्रपाळीच्या पहिल्याच महिन्यात
लाँड्रीशेजारच्या दुकानात अठरा डॉलर देऊन उडवलेले.
व्हिडिओवर दाखवले तेव्हा मिरजेत आईने
आधी स्वतःच्या डोक्यावर पदर घेतला.
मग म्हणाली, मिशनच्या फोटोतल्या अंबूसारखी दिसतेस.

अंबू आमची खापरपणजी.
तेराव्या वर्षी नवरा गेला, दहाव्या दिवशी न्हावी आला.
मिशनच्या फाटकाशी पोचली तेव्हा
अंगावर लाल आलवण, पदराखाली खुंट.
मडमेने पोटाशी धरलं. पाटी, पेन्सिल, पुढे बाप्तिस्मा.
आणि केस वाढव म्हणाली, कमरेपर्यंत,
बाईचं वैभव असतं ते, बाळ.
म्हातारपणी अंबू म्हणायची म्हणे,
एकांनी न विचारता काढले, दुसऱ्यांनी न विचारता वाढवले,
डोकं तेवढं माझं खाजायचं.

गुंता सोडवता सोडवता हे ऑर्फाबाईंना सांगितलं.
आलवणापाशी अडले. लाल कापड म्हणाले.
त्या बराच वेळ गप्प. वाटलं, डोळा लागला.

"अठ्ठावन साली," म्हणाल्या. "खुराड्यामागे.
शिवणाची कात्री. मानेपासची एक बट, बोटाएवढी.
कापली, मातीत पुरली, आणि उभी राहिले वाट बघत.
देवदूत येतील म्हणून."

आले?

"एक कोंबडी आली. उकरायला लागली."

हसता हसता ठसका लागला. पाठ चोळली.
कंगवा पुसून घेतला, त्यातले केस
बिस्किटांच्या डब्यात टाकले, त्या टाकायला लावतात.
मग विचारलंच,
पुढे एवढी वर्षं का नाही कापलेत?

"त्या दिवसापासून माझे झाले ना.
म्हणून ठेवले."
आणि माझं मनगट धरून, "ड्वेनला नको सांगूस."

मानेची जखम कापसाने टिपली. मलम लावलं.
सैल वेणी घातली, उशीवरून मागे सोडली,
जमिनीला टेकू नये म्हणून
शेंड्याखाली पाहुण्यांची खुर्ची ओढली.

चार्टवर लिहिलं:
केस धुतले. जखम कोरडी.
केस कापलेले नाहीत, रुग्णाच्या इच्छेने.
वेळ, चार चाळीस.